फरशीचा तुकडा

खडकी, रविवार

प्रिय आयुष,

परवा बाबांच्या दुसऱ्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन झालं. खिरीत साखर कमी पडली हे तिघांनी येऊन सांगितलं. तू का आला नाहीस, हे मात्र कुणी विचारलं नाही. आपली माणसं नेमकी नको तिथे सभ्य होतात. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हल्ली काही वाटतच नाही. भाजी निवडते, ऑफिसला जाते, येते.

बाबांची गाडी अजून दारातच आहे. काल पुसली. पुसताना त्यांची शिकवणी आठवली: पहिला गिअर टाकायचा, गाडी अडेपर्यंत पुढे ढकलायची, हँडल डावीकडे वळवायचं आणि सीट धरून दोनदा हलवून बघायचं. शिवाय साइड स्टँडखाली तो तळहाताएवढा शहाबादी फरशीचा तुकडा. गल्लीतलं खोदकाम काही संपत नाही आणि बुजवलेल्या मातीत स्टँड हळूहळू रुततो. दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस गाडीसुद्धा बॉम्बसारखी ठेवतो, म्हणून आपण किती हसायचो.

त्या रविवारी ते नेहमीसारखे डाव्या बाजूला पाट टाकून गाडी पुसायला बसले. हलवून बघितली नाही. आदल्या संध्याकाळी तू लावली होतीस आणि तुझ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा. गाडी अंगावर आली, मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर अठरा दिवसांनी ते गेले. स्टँडखाली फरशी नव्हती, हे सगळ्यांनी पाहिलं. आई तुला एकच वाक्य बोलली, "एवढंसं कामही तुला जमलं नाही." महिन्याभरात तू बंगळुरूला गेलास. तिथे तू गाडीला हात लावत नाहीस, चार किलोमीटर चालत कामावर जातोस, असं तुझ्या खोलीवरचा प्रज्ञेश सांगत होता.

तिथून तू मला एकदाच विचारलंस, "ताई, मी फरशी ठेवली होती ना गं?" मी म्हणाले, आठवत नाही.

ठेवली होतीस. मला सकाळी विहारात जायचं होतं, स्कूटी अडकली होती, म्हणून बाबांची गाडी मीच हातभर मागे घेतली आणि तशीच मातीत टेकवली. गिअरही टाकला नाही. फरशी होती तिथेच राहिली. परत आले तर बाबांना रिक्षात घालत होते. सगळे तिकडे बघत होते, तेवढ्यात मी ती फरशी उचलून पर्समध्ये टाकली. घाबरले होते. दोन वर्षं ती माझ्या कपाटात ओढण्यांखाली होती.

आज सकाळी ती आईपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? आधी त्याला लिही." म्हणून लिहिते आहे; फोनवर मी पुन्हा खोटं बोलले असते. माफी मागायचा धीर होत नाही. फरशी आता स्टँडखाली आहे, गाडी दोनदा हलवून बघितली. तू येऊन गाडी घेऊन जा. चालत जायचं ते मी जाईन.

तुझीच,
आम्रपालीताई