पाच झाडांचा आवाज

प्रिय गिरजा,

तू जिवंत होतीस तेव्हा तुला ‘प्रिय’ काय, साधं नीट नावानंही मी कधी हाक मारली नाही. ‘अवो मठ्ठ’ म्हटलं की तू यायचीस. चौथी शिकले हे गावभर मिरवलं, म्हणून शाळेच्याच मराठीत लिहिते. हसायचं तर हस.

लिहायचं कारण तुझी नात. तू गेल्यावर दोन वर्षांनी झालेली शीतल. काल मास्तरांनी मला शाळेत बोलावलं. म्हणाले, पोरीला डोकं नाही, पाढे येत नाहीत, भिंतीला कान लावून बसते. घरकामाला लावलेलं बरं. मी मान हलवून आले. आजीवर गेली, असंही वाटेत पुटपुटले. खोटं कशाला सांगू?

घरी आले तर पोरगी दाराच्या चौकटीला कान लावून उभी. म्हणे, "आजी, याच्या अंदर कोणीतरी खाऊन राह्यलं." मी तिला हाकललं. मग उगाच विळ्याची मूठ चौकटीवर हाणली, तर लाकूड पापडासारखं फुटलं! वरून रंग शाबूत, आत नुसता भुसा आणि वाळवी. मी उंबऱ्यावर बसूनच राहिले. गिरजा, हे तिला शिकवलं कोणी?

तू अशीच ऐनाच्या झाडांना कान लावायचीस. आठवते ती झोपडी? रेशमाच्या कोशांच्या दिवसांत जावा-जावा जंगलात राहायचो. दिवसभर अळ्या टिपणारी पाखरं हाकायची आणि कोश हाती येईपर्यंत नेम म्हणून मासळी तोंडाला लावायची नाही. आपल्यासारख्या तळ्यात मासे धरणाऱ्या माणसांना ती शिक्षाच. झाडावर अळ्या पानं खातात त्याचा आवाज मलाही यायचा, सुपात कणी हलवल्यासारखा. पण तू झाडागणिक आवाज ओळखायचीस. तुला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण या झाडाची पानं उद्या संपतील म्हणालीस की संपायची. आम्ही म्हणायचो, अक्कल नाही, कान तेवढे बरे आहेत.

त्या वर्षी तू सकाळीच माझ्याकडे आलीस. "बाई, त्या पाच झाडाइचा आवाज बसला. अळ्या काढून जाळून टाकू."

मी जाऊन पाहिलं. अळ्या हिरव्यागार, बोटाएवढ्या जाड. "तुले काई समजते का? गुमान पाखरं हाक," म्हणाले आणि पाण्याला गेले. परत येते तो तू फांद्या छाटून पाचही झाडांच्या अळ्या जाळलेल्या! वर्षाची मेहनत. मी सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत दिली. तू गाल चोळलास आणि पुन्हा पाखरं हाकायला गेलीस.

आठ दिवसांत आजूबाजूच्या लोकांच्या झाडांवर अळ्या काळ्या पडून उलट्या लोंबकळू लागल्या. वासानं जेवण जाईना. आपली उरलेली झाडं तेवढी वाचली. रेशीमवाले साहेब पाहायला आले. विचारलं, रोग दिसायच्या आधीच अळ्या काढायची अक्कल कोणाची? तू माझ्यापासून दोन हातांवर उभी होतीस. मी म्हणाले, माझी. चौथी शिकलेय, हेही वर सांगितलं.

संध्याकाळी मी तुझ्यावरच चिडले. "काऊन बोलली नाई साहेबासमोर?"

तू चुलीवरचा भात ढवळत म्हणालीस, "मले कोणी विचारलंच नाई."

भांडली का नाहीस गं? भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. हे तुझं चुकलंच.

अक्कल पुस्तकातून येते असं मी जन्मभर धरून चालले. मग ती अळी? आईचं तोंड पाहिलेलं नसतं तिनं. आपल्याच तोंडाच्या धाग्यानं आधी फांदीभोवती घट्ट कडं घालते, मग त्याला देठ, मग देठाला घर टांगते. तेही पहिल्याच खेपेला, न चुकता! आणि तुझ्या कानातलं पोरीच्या कानात कोणत्या वाटेनं आलं? रक्तातून म्हणावं, तर मधला तुझा मुलगा तिसऱ्या हाकेला ओ देतो.

आज सकाळी कोणी बघत नाही असं पाहून मीही चौकटीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. अंगावर काटा मात्र आला, देवाच्या ठाण्यापाशी येतो तसा. माझ्या नाकासमोर एवढं चाललेलं असतं, आणि मी साठ वर्षं नुसती बोलत राहिले?

शीतलला मी पाच झाडांची गोष्ट सांगितली. थापडीसकट, खोटेपणासकट. तिनं एकच विचारलं, "मंग तू तिले विचारलं का, कसं आयकू येते म्हणून?"

नाही विचारलं, गिरजा. एकदाही नाही.

उद्या तिला हात धरून शाळेत नेणार. पाढे मी करून घेईन, तेवढं मला येतं. मास्तरांना, आणि मी तुला मारलेलं पाहणाऱ्या सगळ्यांना सांगणार की ती पाच झाडं गिरजानं ऐकली होती. आणि तुला विचारायचं राहिलं ते तुझ्या नातीला विचारीन. ती सांगेपर्यंत मधे एक शब्द बोलणार नाही. सगळ्यांत अवघड वचन हेच देतेय, तुला माहीत आहे.

तुझी मोठी जाऊ,
अनसूया