मोठ्या आईचं नाव

४ जाने., रविवार
वडीगोद्रीला भावाकडे, सुभाषकडे आले. आई जाऊन दोन महिने झाले. रडू आलं नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. पोळ्या लाटल्या, भांडी घासली. सुभाषची बायको रेखा "ताई, बसा की जरा" म्हणत राहिली. बसून काय करू?

सुभाष देव उजळायला टाकणार. देवघरातला मोठ्या आईचा चांदीचा टाक पार झिजला, नाक-डोळे राहिले नाहीत. तो गंगेत सोडायचा, नवा करायचा म्हणतो. मी म्हटलं, थांब. आईनं शेवटी माझ्याजवळ एकच मागितलं होतं, "मोठ्या आईचं नाव शोधून काढ गं. साठ वर्षं कुंकू लावलं, नाव न्हाई माहीत." आजोबांच्या आजोबांची बायको, आम्हा सगळ्यांचं मूळ. एवढंच ठाऊक.

सुभाष: "तुझं आपलं काहीतरीच, ताई. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"
बरोबर आहे. तरी काढणार.

७ जाने.
परत जाफराबाद. शाळा, पोषण आहार, हजेरी. मधल्या सुट्टीत चुलत्यांना फोन. ते हसले. "बाईचं नाव कोण लिहून ठेवतंय? सातबाऱ्यावर बी न्हाई. वंशावळीवाला भाट येऊन राह्यला औंदा, त्याच्या वहीत असलं तर असलं."
डबा तसाच परत आणला.

११ जाने., रविवार
सुभाषबरोबर अंबडला, सोनाराकडे. म्हातारा आहे. भिंग लावून टाक बराच वेळ फिरवला. "हा देवातला न्हाई, बाई. वर कडी होती, कापलीय बघा. हा गळ्यातला. सवतीचा टाक."

पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, तिनं त्रास देऊ नये म्हणून. ऐकून माहीत होतं. आपल्याच घरात असेल हे डोक्यात आलं नाही. म्हणजे टाकावरची पहिली, आणि तिला गळ्यात घालून हिंडली ती दुसरी. दुसरी गेल्यावर कुणीतरी कडी कापून टाक देवात बसवला. पुढच्यांनी त्यालाच आई धरलं.

जीपमध्ये सुभाष: "मंग आपण कुणाचे?"
वडीगोद्रीला उतरून भजी खाल्ली. चव लागली नाही. टाक माझ्या पर्समध्येच आहे.

१४ जाने.
संक्रांत. आमच्याकडे यंदा सण नाही. शाळेतल्या बाया हळदी-कुंकवाला बोलावत होत्या. काय सांगू त्यांना, डोक्यात दोन मेलेल्या बाया भांडून राहिल्यात म्हणून?

१८ जाने., रविवार
भाट आला म्हणून पुन्हा वडीगोद्री. ओसरीवर बसून लाल कापडातली वही सोडली. त्याचे बापजादे दर तीन-चार वर्षांनी येऊन आमचा वंश लिहून न्यायचे. आजोबांच्या आजोबांच्या नावावर बोट ठेवून वाचलं, "राणोजी. पहिली गोजराबाई, पोटी संतान नाही. दुसरी, अंतरवालीची लेक, पोटी तीन पुत्र."

"दुसरीचं नाव?"
"न्हाई, ताई. सांगणाऱ्यानं सांगितलं न्हाई, मंग माझ्या पणज्यानं काय लिहावं?"

सापडलं ते नाव आमची नसलेल्या बाईचं. जिच्या पोटचे आम्ही, ती नुसती 'दुसरी'. जन्मभर सवत गळ्यात बांधली, आणि हिचा टाक कुणी केला नाही. राग आला, फार आला. आई गेल्यापासून काही वाटलं असेल तर हेच. चहा गार म्हणून रेखावर ओरडले. तिचं काय चुकलं? माफीही नाही मागितली.

मग भाटानं कोरं पान काढलं. "नवीन कोण गेलं?" सुभाषनं सांगितलं. मी म्हटलं, आईचं पूर्ण लिहा, माहेरच्या नावासकट. 'दुसरी' बिलकुल लिहायचं नाही कुणाला.
"सांगा मंग."

शांताबाई हे सासरचं, लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं. माहेरी सगळे अक्का म्हणायचे. पाळण्यातलं नाव सुभाषला ठाऊक नाही, मलाही नाही.

मावशीला फोन लावला. आईच्या पाठची तीच एक उरली, तेरा वर्षांनी लहान. "मला कळतंय तवापासून अक्काच गं. मी रांगत होते तवा तिचं लगीन झाल्तं." मामा गेले. आई शाळेत गेली नाही, म्हणजे दाखलाही नाही.

१९ जाने.
रजा टाकली. भाट सकाळीच पुढच्या गावाला गेला. आईच्या ओळीत बोटभर जागा सोडलीय.
मावशीचा फोन. आईच्या माहेरी तिच्या बरोबरीची एक म्हातारी आहे म्हणे, पण माणसं ओळखत नाही आता. रविवारी जाऊन बघते.

सुभाष चहा पिता पिता म्हणाला, "ताई, आई तुला त्या बाईचं नाव विचारून राह्यली होती, तवा तू तिला तिचं स्वतःचं का न्हाई विचारलं?"

शेवटचे नऊ दिवस मी आईच्या उशाशी होते. पाणी हवं का विचारलं, कूस बदलू का विचारलं.