काठी कोणी नेली

बाबा,

काल आपली काठी पुन्हा घरी गेली. या वेळी मी नाही नेली. नव्या ड्रायव्हर पोरीने नेली, थेट स्लाऊला तिच्या घरी, बॅगेत रेनकोटखाली. आज सकाळी खडीची गाडी सिग्नलपाशी उभी आणि सिग्नल केबिनमधला हुक रिकामा. त्या आठ मैलांच्या एकेरी लाईनवर सशांखेरीज कोणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण काठी हातात नाही म्हणजे गाडी हलणार नाही. इथे तिला स्टाफ म्हणतात, तुम्ही पहिल्या दिवसापासून काठीच म्हणालात. "अख्ख्या लाईनला एकच काठी. ती ज्याच्या हातात, लाईन त्याची. मग दोन गाड्या समोरासमोर येतीलच कशा?" हे मला समजावताना तुम्हाला कोण आनंद व्हायचा! त्या लाकडाच्या टोकाची पितळी टोपी तुम्ही दर शनिवारी घासायचात. घरची समईसुद्धा कधी इतकी घासली नाहीत, असं मी चिडवायचे.

लाईन आता सुकत चालली आहे. पूर्वी दारूगोळा, मग सिमेंट, मग तेलाच्या टाक्या. तुमच्या वेळी साउथहॅम्प्टनकडे दिवसाला चार गाड्या जायच्या. आता एकच, खडीची. माणसं आम्ही पाच, आणि मी त्यांची सुपरवायझर. दुपारी गाडी गेली की केबिनमध्ये मी एकटीच उरते. तुमच्या खुर्चीत बसते. घरीही तेच. आई गेली, मग तुम्ही गेलात, आणि आता दोन कप चहा टाकायची सवय तेवढी मोडायची राहिली आहे.

मी काठी नेली तो दिवस वैशाख पौर्णिमेचा, बुद्धजयंतीचा होता. मी ड्रायव्हर होऊन तीनच महिने झालेले, प्रोबेशनवर. तुम्ही केबिनमध्ये. नियम असा की शेवटची गाडी आली की ड्रायव्हरने काठी केबिनवाल्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती हुकाला लावून केबिनला कुलूप घालायचं. पण संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम, खीर आपल्याकडे, आणि मी घाईत काठी बॅगेत टाकून तशीच आपल्या कारमध्ये येऊन बसते. तुम्हीही कुलूप लावून येता. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन खणखणतो. आपण धावतो, आणि मागच्या सीटवर खिरीच्या पातेल्याला टेकून काठी आरामात झोपलेली! मला हसू आलं होतं. तुम्हाला नाही आलं.

यार्डात सगळे जमलेले. मॅनेजर विचारतो, "राईट, कोणी नेली?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "माय मिस्टेक, सर. डब्याबरोबर मीच नेली." तो सगळ्यांदेखत तुम्हाला नको नको ते बोलला. तुम्ही टोपी हातात घेऊन ऐकत राहिलात, आणि मी मूग गिळून उभी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी अशी शेजारी उभी राहून पाहिली. तुमची केबिन गेली. रिटायर होईपर्यंत तुम्ही यार्डात रुळांवरचं गवत काढलंत.

घरी येताना मी रडायला लागले तर म्हणालात, "अगं, काठी मागून घेणं माझं काम होतं. मी मागितली नाही. तेवढं तरी खरंच आहे ना?" पण त्या संध्याकाळी वंदना म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, तुम्ही थांबलात. मी एकटीने म्हटलं. त्यानंतर जाईपर्यंत तेवढं एक शील तुम्ही मोठ्याने म्हटलं नाहीत. बाबा, त्याबद्दल मी कधी ब्रही काढला नाही. तुमच्या केबिनपेक्षा ते जास्त लागतं मला.

आज ती पोरगी दोन तासांनी काठी घेऊन आली, चेहरा पांढराफटक. तीही प्रोबेशनवर आहे. मी तिला चारचौघांत झापलं. "इतक्या वर्षांत माझ्या हातून हे एकदाही झालेलं नाही," म्हणाले. आवाज त्या मॅनेजरचाच होता. ती खाली मान घालून पुटपुटली, "सॉरी. पण सगळे म्हणतात की तुमच्या डॅडनीही एकदा नेली होती?" बिचारी आधार शोधत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळायची नाही.

मी म्हटलं, "हो. त्यांनीच नेली होती."

तिचा रिपोर्ट टेबलावर आहे. मी सही केली की तिची नोकरी गेली. समोर हुकाला काठी लटकते आहे. पितळ काळं पडलंय. तुमच्यानंतर कोणी घासलं नाही, मीही नाही. हे पत्र घडी करून ड्रॉवरमध्ये जाईल, ते कुठल्या पत्त्यावर टाकणार? उद्या सगळ्यांना बोलावून खरं सांगेन, असं वर एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. सांगेन की नाही, मला माहीत नाही, आणि निदान तुम्हाला तरी खोटं लिहायचं नाही.