आमच्या बाजूचं छप्पर

कांदिवली

काशीराम भावोजी,

सरकारी योजनेतून गावच्या घरावर सोलर बसलं, तो फोटो मिळाला. तुम्हाला विजेचं बिल परवडत नव्हतं, तेव्हा बरंच झालं. पण पॅनल आमच्या अर्ध्या छपरावर कसं? तुमचं अर्धं तर मोकळंच दिसतंय! ह्यांना जाऊन वर्ष होत नाही, तोवर आमचं छप्पर घेतलंत. उद्या म्हणाल, घरच आमचं. मला एक फोन करता येत नव्हता?

आत्ता आमच्या मानसीने फोटो मोठा करून दाखवला. तुमच्या बाजूवर ह्यांनी लावलेल्या फणसाची सावली पडलीय. तो तोडला असतात, तर पॅनल तिकडेच बसलं असतं.

हे पत्र काही पाठवत नाही. गणपतीत येईन. आधी फणस बघेन, मग योजनेत नाव कोणाचं घातलंत ते.

तुमची वहिनी,
मालन