चार बोटं वर

दोस्त सत्तार,

सलाम. हे पत्र तुले पोचनार नाई, मले मालूम हाय. तुह्या मातीले महिना झाला, तरी लिहून राह्यलो.

तीस वर्षं तुहे कपडे मीच शिवले. अकरा वर्षांआधी तू धरमाच्या जमातीसंग चाळीस दिवस फिरून आला अन् म्हणला, "चंद्रभान, पायजमा घोट्याच्या चार बोटं वर ठेवत जा. आमच्यात तसंच सांगतलं हाय." मी हासलो. लोक म्हणतील, टेलरनं कापड मारलं. मी लांबच शिवत राह्यलो. तू कधी भांडला नाई. खालून दुमडून घालत गेला.

तू गेला तवा मी टेप घेऊन धावत आलो. तुहा पोरगा युनूस म्हणला, "काका, कफनाले शिलाई नसते." टेप खिशात ठेवून मी ओट्यावर बसून राह्यलो.

काल तो तुहे सहा पायजमे घेऊन आला. कोन्या गरजूले द्यायचे होते, नाडे बदलून पाह्यजे होते. सगळ्याइले घोट्यापाशी दुमडल्याची पिवळी रेघ होती. मी न इचारता तिथूनच कापले, शिवले. एक दुपार लागली.

अकरा वर्षांत तेवढी एक दुपार मी तुले देली नाई.

तुहा,
चंद्रभान टेलर, हिंगणी