कपाटातलं बारसं

गुरुवार, चाकणच्या कंपनीला सुट्टी

डोकं फिरलंय नुसतं. आठवडाभर वाकडच्या फ्लॅटवर मुलीच्या बारशाचा व्हिडिओ लावतोय आणि तिच्या तोंडावर ते गोल चाक फिरतंय. क्वालिटी कमी केली, नेटचा प्लॅन वाढवला, तरी चाक आहेच. व्हिडिओ मोशीला, वडिलांच्या म्हणजे अण्णांच्या घरी, घरचे सगळे फोटो-व्हिडिओ साठवायला मी बसवलेल्या सर्व्हरवर. आज तडकून तिकडेच गेलो, तर सर्व्हर जागेवर नाही. अण्णांनी किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. फटीतून विजेची वायर आत घेतलेली, आईच्या शालूंखाली सर्व्हर तापलेला. तिथे वाय-फाय पोचणार कसं?

"इथे कशाला कोंबलाय?" मी ओरडलोच.

"तूच म्हनला न्हवं, समद्या आठवणी ह्यात हायेत, जपून ठिवा."

आठवडाभर नेटवाल्याला शिव्या घातल्या. आता कोणाला घालू?