राक्षसाला हात लावू नकोस

ए ऐक, टीव्ही बंद करू नकोस, गेम चालू आहे. आपला राक्षस मरायला टेकलाय! त्याची चाल आली की तू घाईघाईने बटण दाबतोस आणि मार खातोस. त्याने हात उचलल्यावर लगेच नाही, खांदा खाली आला की दाबायचं. मला आज ते जमलं आणि मी सोफ्यावर अशी नाचले की खालच्या काकू बघायला आल्या.

आता एकच फटका उरलाय. चाल तुझी आहे, पण मारू नकोस! आजची माझी शेवटची रात्रपाळी. उद्या तू बेकरीतून येशील तेव्हा मी घरी असेन. इतके महिने एकमेकांसाठी चाल सोडून कामावर पळालो, हा फटका शेजारी बसून मारू.

एकट्याने मारलास ना, तर रात्रपाळी परत मागून घेईन.